पकडीपासून सुरुवात

आज येरवड्याच्या गोल्फ मैदानावर फक्त सात नंबरची आयर्न वापरली, पूर्ण ताकद न लावता. क्लब आणि चेंडूची गाठ पडते ती जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तेवढ्यात हातांना काहीच सुधारता येत नाही, जे ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला भिडणारी बाजू, कुठे वळलाय यावर अवलंबून, आणि क्लबफेस पकडीच्या ताब्यात. पकड आवळली की मनगटं ताठरतात, फेस उघडाच राहतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वाहवत जातो.

अशा वेळी गोल्फपटू बेन होगन आठवतो. १९४९ मध्ये बसने त्याच्या मोटारीला समोरून धडक दिली. पुन्हा चालता येईल की नाही अशी शंका होती. १९५० मध्ये पायांना पट्ट्या गुंडाळून त्याने मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन जिंकली. १९५७ च्या त्याच्या पुस्तकातला पहिला धडा पकडीचाच. एवढा मोठा खेळाडू एकेका बोटाच्या ठेवणीबद्दल इतक्या आस्थेने लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पकड जमली की क्लब मागे सावकाश न्यायचा. खाली येताना कंबर आधी, हात नंतर. उद्याही अर्धाच स्विंग, पण वेजने.