कणगीतली बाटली

आमच्या जांभूळच्या घरी भाताच्या कणगीत पोर्टची एक बाटली पंचवीसहून अधिक वर्षे निजली होती, हे गावात कुणाला सांगितले तर खरे वाटणार नाही.

दादा बोटीवर नोकरीला. १९९७ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो बंदरातून त्याने ती आणली. लेबलावर साल १९९४, म्हणजे आमच्या सुमीचे जन्मसाल. “इंग्रज लोक मुलाच्या जन्मसालची पोर्ट राखून ठेवतात. सुमी एकवीस वर्षांची झाली की फोडू,” दादा म्हणाला. आईच्या कपाळाला आठी पडली; पण बाळंतिणीला चमचाभर पोर्ट देणारे डॉक्टर तिच्याही आठवणीत होते. औषध म्हणून बाटलीला घरात प्रवेश मिळाला.

द्राक्षाचा रस अर्धामुर्धा आंबला की त्यात कडक ब्रँडी ओततात. आंबणे थांबते, रसातली साखर उरते, आणि शेकडा वीसच्या आसपास मद्यार्क असल्याने पोर्ट टिकते. चांगल्या सालची दोनेक वर्षे पिंपात काढून बाटलीत जाते आणि पुढे तिथेच मुरते. बाटली अंधारात, गारव्यात आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओले राहते.

आमच्याकडे गारवा कुठला? आजोबांचे द्राक्षासवाचे मडके धान्याच्या राशीत पुरत, म्हणून आईने बाटलीही कणगीत घातली. मी मान डोलावली, हीच चूक. आसवाला आंबण्यासाठी ऊब हवी. पोर्टचे आंबणे केव्हाच संपलेले! बारा-चौदा अंशांत राहायची ती बाटली तिथे मे महिन्यामागून मे महिने सोसत राहिली.

२०१५ साली सुमी एकवीस वर्षांची झाली, तेव्हा दादा समुद्रावर. मग तिच्या परीक्षा, मग लग्न. आणि मग दादाच गेला.

गेल्या दिवाळीत सुमीने बाटली मागितली. गाळ बसावा म्हणून दोन दिवस उभी ठेवली. बुचाचा भुगा झाला; मलमलीतून गाळावे लागले. रंग विटकरी झालेला. मी खजील झालो.

सुमीने घोट घेतला. “बाबा, सुके अंजीर आणि करपवलेली साखर. वाईट नाही हो!”

“मदेरासारखी झाली असेल,” वहिनी म्हणाल्या. आम्ही बघतच राहिलो. “हे सांगायचे ना, त्या बेटाची दारू बोटीच्या तळघरात उन्हाळी समुद्रातून फिरून आली की जास्त चांगली लागे. पुढे लोक ती मुद्दाम तापवू लागले.”

वहिनींनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांनी फराळाच्या ताटातली रिकामी वाटी पुढे केली.