लाकडी तट

इतिहासाच्या तासाला आम्ही डेल्फीविषयी सांगत होतो. पार्नासस पर्वताच्या उतारावरील अपोलोचे ते देवस्थान. तेथील पुजारीण पिथिया तिवईवर बसून देवाचे उत्तर सांगे. आमच्याकडील कौलासारखेच, असे म्हणताच मुले सावरून बसली. देवाच्या अंगावरील कोणती पाकळी आधी गळते, हे श्वास रोखून पाहिलेली ती मुले!

इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला. हिरोडोटस सांगतो की, अथेन्सच्या दूतांना प्रथम पळून जाण्याचाच कौल मिळाला. ते हटले नाहीत. शरणागतांच्या डहाळ्या हाती घेऊन त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा उत्तर आले, लाकडी तट तेवढा अभंग राहील.

पण तट कोणता? नगरसभेत वाद माजला. काही वृद्ध म्हणाले, अक्रोपोलिसभोवतीचे जुने कुंपण. थेमिस्टोक्लीस म्हणाला, आपल्या नौका! सभेने त्याचे मानले आणि सालामिसच्या सामुद्रधुनीत जय मिळाला. टेकडीवर लाकडी अडसर रचून राहिलेले मात्र मारले गेले.

“सर, मग देव बोलला तो कोणाशी?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

आम्ही घोटाळलो. आमच्या घराच्या वाटणीसही देवाने उजवा कौल दिला होता. परंतु अंगण कोणाच्या वाट्याचे, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लाविला. समोरासमोर बसून वाद घालावयास कोणीच आले नाही. त्या घराला अद्याप कुलूप आहे.