बसून वाजवणारा

काकांचा डावा खांदा उजव्याहून बोटभर वर असायचा. सदरा कुठल्याही शिंप्यानं शिवला तरी त्या बाजूला ओढल्यासारखा दिसे. हातपेटीचा भाता मारून मारून ही गत झालेली. सांगलीच्या गावभागात ते पेटीमास्तर म्हणून ओळखले जात. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी कुणाचं भजन, कुणाकडे नाट्यपदांची बैठक, आणि गणपतीत दहा दिवस घरी जेवायला नाहीत. गाणारा मध्ये, त्याच्या उजवीकडे तबला, डावीकडे काका. घरातल्या अल्बममध्ये त्यांचे पुष्कळ फोटो आहेत, पण एकातही ते पुरते आलेले नाहीत. कुठे कान, कुठे कोपर, कुठे नुसती पेटी.

मी वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग करत होतो, तेव्हा होस्टेलवर एका मुंबईच्या मुलामुळे मला प्रोग्रेसिव्ह रॉकचा नाद लागला. वीस-वीस मिनिटांची गाणी, मधेच ताल बदलायचा, आणि सगळ्यांच्या वरताण कीबोर्डवाला. हॅमंड ऑर्गनच्या पट्ट्यांत सुऱ्या खुपसणारा किथ इमर्सन, पायघोळ झगा घालून चहूबाजूंनी वाद्यं रचून बसणारा रिक वेकमन. या वेकमननं 1975 मध्ये राजा आर्थरची कथा लंडनमध्ये चक्क बर्फावर स्केटिंग करणारे घेऊन सादर केली. आपल्याकडच्या एखाद्या नाटक कंपनीच्या मालकाला शोभेल असली हौस! त्यांच्यातलं मेलोट्रॉन हे वाद्य तर मला अजून गमतीचं वाटतं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर भरलेला. पट्टी दाबली की टेप सरकते आणि आठेक सेकंदांत संपते. मग बोट उचलावंच लागतं.

एका रविवारी टेप घरी नेली आणि काकांना 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकवली. सहा मिनिटांना थोडी कमी, ध्रुपद नाही, मधेच ऑपेरा. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं होतं, गोंगाट म्हणतील. ते म्हणाले, "याचं बरंय. दोन्ही हात मोकळे."

त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, आणि मला मात्र तेव्हापासून त्याखेरीज काही सुचत नाही. हातपेटी वाजवणारा एका हाताचा वादक असतो. दुसरा हात वारा घालतो. पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिरानं 1840 च्या सुमारास हार्मोनियम केली ती पायानं भाता मारायची, म्हणजे हात दोन्ही मोकळे. आपल्याला ती मांडी घालून वाजवायची होती, म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे आणला, आणि एक हात कायमचा कामाला लागला. वर 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीच हद्दपार केली. का, तर तिला मींड येत नाही, तिच्या श्रुती आपल्या नाहीत. आक्षेप अगदी खोटा नव्हता. पण ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं, आणि तोवर एका पिढीचे हात उतरले.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तला पियानोवाला आमच्या शेजारच्या जिल्ह्यात शिकलेला, हे मला फार उशिरा कळलं. फारुख बलसारा. जन्म 1946 चा, झांझिबारचा. पारशी आईबापांनी आठ वर्षांचा असताना बोटीनं मुंबईला धाडला आणि तिथून घाटावर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. मुलाला संगीताची जाण आहे, जादा फी भरून शिकवावं, असं शाळेनंच घरी कळवलं. पियानोची चौथ्या ग्रेडची परीक्षा त्यानं तिथे दिली. 1958 मध्ये पाच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्डची गाणी वाजवायचे. पुढे जो फ्रेडी मर्क्युरी झाला, तो या मंडळात मुख्य गायक नव्हता! गायचा ब्रूस मरे. फारुख पियानोवर, मागून साथीला आवाज. फोटोत तोही कडेला आला असेल.

गेल्या हिवाळ्यात वाईहून पसरणीच्या घाटानं वर गेलो. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. एकाच घाटाच्या खाली डफ आणि वर पियानो. मधे आता स्ट्रॉबेरीच्या पाट्या. वरच्या कड्यावरून खाली कृष्णेचं खोरं दिसतं. धोमचं धरण त्या पोरांच्या वेळी नव्हतं, त्यामुळे त्यांना नदी नुसती रेघेसारखी दिसत असणार. तीच पुढे माहुली, कऱ्हाड करत आमच्या दारात येते. शाळेबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. सिल्व्हर ओकच्या पानांचा सडा पडला होता. आतून पियानोबियानो काही ऐकू आला नाही. पोरं हॉकी खेळत होती.

फ्रेडीच्या 'क्वीन' या बँडला प्रोग्रेसिव्हच्या पंगतीत बसवावं की नाही यावर भांडणारे भांडोत. 1974 चा 'क्वीन टू' ऐकल्यावर मला तरी शंका राहिली नाही. पण मला कुतूहल आहे ते तो पियानोवरून उठला कसा याचं. 'ऱ्हॅप्सडी'त एका जागी डावा हात उजव्यावरून पलीकडे जातो, वरचे दोन-तीन सूर टिपतो आणि परत येतो. मुद्दाम दाखवण्यासारखी ती करामत होती. असा हात असलेला माणूस पुढे बैठकीला कंटाळत गेला. 1985 च्या 'लाइव्ह एड'ची चित्रफीत पाहा. पियानोवर शीतपेयाचे कागदी पेले रांगेनं मांडलेले. सुरुवात तो बसून करतो, आणि दोन-अडीच मिनिटांत उठतो. मग उरलेलं मैदान त्याचं. त्या वर्षांत बैठकीच्या कामाला त्यांनी वेगळा कीबोर्डवाला नेला होता, स्पाइक एडनी. त्याचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

आपल्याकडेही एक उठले होते, गोविंदराव टेंबे. कोल्हापूरकडचे. पेटीवर भास्करबुवा बखल्यांची गायकी उतरवणारे. सांगलीच्या खाडिलकरांच्या 'मानापमान'ला 1911 मध्ये त्यांनी चाली दिल्या, पुढे गंधर्व मंडळीचे भागीदार झाले, आणि 1932 च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात संगीतही त्यांचं आणि राजा हरिश्चंद्रही तेच. काकांना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला कधी पुढे बसावंसं वाटलं नाही? ते म्हणाले, "पुढं बसलो तर गाणाऱ्याचं तोंड कसं दिसणार?" हे तत्त्वज्ञान नव्हे. गाणारा श्वास कुठे घेतो हे बघून भरणा करायचा असतो, एवढंच ते सांगत होते. तरी मला ते उत्तर पुरतं खरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली. आम्ही काकांना खुर्चीसकट उचलून नातेवाइकांकडे हलवलं. पेटी माळ्यावर ठेवली होती, पाणी माळ्यालाही लागलं. आठवड्यानं आलो तर भात्याची कातडी शेवाळलेली, लाकूड फुगलेलं, पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. मिरजेच्या एका कारागिरानं तीन महिने ठेवून घेतली. सूर एकेक काढून घासले, भाता नवा चढवला. खर्ज आणि नर दोन्ही लागले, मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी तेवढी काही केल्या बोलेना.

काका तेव्हा ब्याऐंशीचे. त्यांचा हात थरथरे, म्हणून वाजवायला मी बसलो आणि भाता त्यांनी धरला. पेटी आडवी फिरवून घेतली, त्यांच्याकडे मागची बाजू, माझ्याकडे पट्ट्या. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही हात पेटीवर मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते मला कळेना. डाव्यानं नुसता षड्ज धरून ठेवला. मुकी पट्टी आली तसा मी थांबलो.

"थांबतोस कशाला," काका भाता न थांबवता म्हणाले, "ओलांडून जा."