खालून येणारी थंडी

डिसेंबर-जानेवारीत तोरणमाळला पायी आणि मुक्कामाने जायचं ठरलं की आमच्या शहाद्याच्या मंडळींत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, घरच्या गोधड्या बांधून चला. दुसऱ्याने मोबाइलवर हिमालयातली, उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग बघून ठेवलेली असते आणि तिची किंमत ऐकून सगळे गप्प होतात. गोधडीच्या उबेबद्दल वाद नाही, पण दोन गोधड्या पाठीवर टाकून कुणी राणीपूरकडून घाट चढून दाखवावा. आणि उणे दहा सातपुड्यात होतच नाही.

होतं किती, ते आधी बघू. तोरणमाळ साधारण १,१५० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या लाटेत तिथला पारा चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याहून खाली येतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याचे फोटो बऱ्याच हिवाळ्यांत पेपरात येतात. पारा शून्याच्या वर असताना दव कसं गोठतं, असं मला लोक विचारतात. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते. थंड झालेली हवा जड होऊन खोलगट जागी साचते. डोक्याच्या उंचीवर चार अंश असतात तेव्हा गवताच्या पात्यापाशी शून्य असू शकतं. आपण झोपतो ते त्या पात्याच्या उंचीवर. म्हणून यशवंत तलावाच्या काठाशी, पाण्याजवळच्या सखल जागी तंबू ठोकायचा मोह मी टाळतो. थोडं वर, झाडांच्या आडोशाला जातो.

स्लीपिंग बॅगेच्या खरेदीला आम्ही सुरतेला गेलो. नंदुरबारहून थेट गाडी आहे, आणि ही वस्तू हाताळून, आत झोपून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. बॅगेच्या लेबलावर बऱ्याचदा तीन आकडे असतात. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. २००२ साली आलेल्या युरोपीय मानकातून हे आकडे रूढ झाले. आता त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली आहे. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई ज्या तापमानात निवांत झोपेल ते. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून, पाय पोटाशी घेऊन कसाबसा झोपेल ते. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नाही, तो जीव वाचण्याचा आहे. स्वस्त बॅगेवर मोठ्या अक्षरांत नेमका हाच छापलेला सापडतो. ‘उणे पाच’ म्हणून दाखवलेल्या एका बॅगेचा कम्फर्ट मी शिवणीतल्या चिठ्ठीवर शोधला, तर तो दहा निघाला. दुकानातला पोरगा म्हणाला, “सर, चालते, सगळे हीच नेतात.” मी ती परत ठेवली.

शेवटी घेतली ती पाच अंश कम्फर्टची, आत कृत्रिम धागा भरलेली, साधारण दीड किलो वजनाची, चार हजारांच्या आतली. पिसांची बॅग वजनाला अर्धी भरते, पण ओली झाली की तिची ऊब जाते. आमच्या डोंगरात दवाने तंबू आतूनही ओला होतो, आणि पिसांचे पैसे तर मला परवडणारेच नव्हते. मी आत शिरून दोन गोष्टी पाहिल्या. चेनच्या आतल्या बाजूला भरीव पट्टी आहे का, कारण नसेल तर चेनच्या दातांतून रात्रभर गार झुळूक लागते. आणि डोक्याच्या टोपाची नाडी आतूनच ओढता येते का. बायकोला माझ्याहून जास्त थंडी वाजते, म्हणून तिच्यासाठी शून्य अंश कम्फर्टची घेतली. तिथे पैसे वाचवले नाहीत.

माझ्या बॅगेवर वाचवलेले पैसे मॅटवर घातले, आणि लोक नेमके इथे कंजुषी करतात. लेबलावरचे आकडे काढताना तापवलेला पुतळा नुसत्या फरशीवर निजवत नाहीत. त्याच्या अंगात आतले कपडे आणि खाली मॅट असते. मॅट नसली तर छापलेल्या पाच अंशांना काही अर्थ नाही. अंगाखालचा भराव वजनाने चेपून पापडासारखा होतो, आणि उष्णता सरळ जमिनीत जाते. तोरणमाळच्या एका पाड्यावर आम्ही अंगणात पथारी पसरत होतो, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी आमची पातळ मॅट अंगठ्याने दाबून पाहिली. “भाऊ, वरून कितीही घाल, खालून जमीन ओढते,” म्हणाले, आणि कोपऱ्यातला पेंढा आणून टाकायला लावला. त्यावर मॅट, मॅटवर बॅग. पहाटे मला चक्क टोप काढावा लागला. तेव्हापासून मी जाड फोमची मॅट नेतो, आणि पेंढा मिळाला तर मागून घेतो.

बाकी सगळं घरगुती. जुन्या सुती साडीची खोळ शिवून बॅगेत घातली. ऊब थोडी वाढते आणि बॅग घामाने मळत नाही. झोपताना कोरडे मोजे, कानटोपी. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून पायाशी ठेवतो. पोट रिकामं असेल तर बॅग काही करत नाही, ती फक्त अंगातली ऊब धरून ठेवते. पाड्यावर मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली तर मी संकोच करत नाही. तंबूच्या खिडकीची फट थोडी उघडी ठेवायची, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. आणि तोंड बॅगेत घालून झोपायचं नाही, कारण तेच.

दिवाळीतल्या अस्तंभ्याच्या यात्रेला मात्र ही बॅग मी नेत नाही. तिथे रात्रभर चढण असते, गर्दीबरोबर चालत राहायचं असतं. खांद्यावरची एक शाल पुरते.

घरी आल्यावर बॅग उन्हात उलटी करून वाळवतो आणि तिच्या छोट्या पिशवीत न कोंबता कपाटात टांगून ठेवतो. दाबून ठेवली तर भराव पुन्हा फुलत नाही. पोटमाळ्यावर ती ठेवायची नाही, हा बायकोचा नियम आहे. तिथे मे महिन्यात पत्रा तापतो आणि वर्षभर उंदीर असतात.