पगार सरकारचा, जकात मुलांची. विजेचं बिल कोणाचं?

उर्दू शाळेसाठी मदत मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "शाळा ग्रँटेड आहे ना? मग सरकार देतंच की!" विचारणारा टाळण्यासाठी विचारत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित उर्दू हायस्कूलचा जमाखर्च मी काही वर्षांपासून लिहितो. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर देण्याची पाळी माझ्यावर वारंवार येते, आणि कुणाच्या उंबऱ्यावर उभं राहून ते दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून आज इथे सविस्तर लिहितो.

अनुदानाचे दोन भाग असतात. एक वेतनाचा, दुसरा वेतनेतर. मान्य पदावरच्या शिक्षकाचा पगार सरकार देतं. उशीर होतो, पण येतो. शाळा मात्र नुसत्या पगारावर चालत नाही. वीजबिल, पाणी, खडू, हजेरीपट, परीक्षेचा कागद, प्रयोगशाळेतली रसायनं, फिनेल, झाडलोट, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी, हे सगळं वेतनेतर खर्चात येतं. खासगी अनुदानित शाळांचं हे वेतनेतर अनुदान महाराष्ट्रात २००४ पासून बंद झालं होतं. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेही पाच टक्के, आणि हिशेब धरायचा जुन्या वेतनश्रेणीवर. विजेचं बिल मात्र आजच्या दराने येतं.

जिल्हा परिषदेच्या शाळांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांना समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं आणि ते पटसंख्येवर ठरतं. ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार, त्यापुढे हजारापर्यंत ७५ हजार. त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. २५ हजारांना बाराने भागून पाहा. महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. आणि १०२ पटाच्या शाळेतली दोन पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेली आणि पटावरून कमी झाली, तर अनुदान निम्म्यावर येतं. खोल्या तेवढ्याच, नळ तेवढाच.

आता आपल्या समाजाकडे वळू. आपल्याकडे देणारे हात कमी नाहीत. रमजानमध्ये जकात निघते आणि तिच्यातून गरीब मुलांचे गणवेश, वह्या, दप्तरं होतात. पण जकातीला शर्ती आहेत. सूरह तौबामध्ये तिचे आठ हकदार सांगितले आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात की ती रक्कम गरजू माणसाच्या मालकीची व्हायला हवी. म्हणजे इमारत, पगार, वीजबिल यांवर ती चालत नाही. तिथे लागते लिल्लाह रक्कम. आता लिल्लाह देणाऱ्याला काहीतरी दिसेल असं द्यायला आवडतं. तो खोली बांधून देतो, पाणपोई देतो. मशिदीतल्या पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं, तसं शाळेतल्या पंख्यावरही असतं. त्या पंख्याच्या विजेवर कुणाचं नाव घालणार? फिनेलच्या डब्याला कोनशिला बसत नाही.

असा हा खर्च मधल्या फटीत पडतो. सरकारने पगार दिला, समाजाने गणवेश दिला, दोघांनाही वाटतं शाळा चालली. प्रत्यक्षात ती कशी चालते ते मुख्याध्यापकांच्या खिशाला विचारा.

आणि शेवटी भार पडतो कुणावर? दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या बोअरची मोटार जळाली. दुरुस्तीला पैसे नव्हते. मुलांचं काय, ती भिंतीमागे जातात. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. आठवी-नववीच्या मुली घरून निघताना पाणी पिणं टाळू लागल्या. एकीची आई मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "भाईजान, बच्ची दिनभर पानी नै पीती." महिन्यातले चार दिवस मुली घरीच राहू लागल्या. पुढे शिक्षकांनी आपसात वर्गणी काढून मोटार भरून घेतली. तोवर दोन मुलींचं नाव हजेरीपटावर उरलं होतं, मुली येत नव्हत्या. आपण व्यासपीठावरून मुस्लिम मुलींच्या गळतीची कारणं शोधतो, तेव्हा पडदा, लवकर लग्न, गरिबी यांची चर्चा होते. मोटारीचं नाव कुणी घेत नाही.

यावर "समाजाने करावं" असं म्हणणं सोपं आहे. समाजाने करावंच. पण सरकारी अनुदान ही खैरात नव्हे, हेही आपण विसरू नये. खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची पद्धत इथे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रुजली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच मांडलं की तिजोरी भरते कष्टकरी रयत, आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे. आजही हातगाडीवाला साबण विकत घेतो तेव्हा कर भरतोच. आणि संविधानाच्या कलम ३० चा दुसरा भाग सांगतो की, शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून मदत देताना सरकारने भेदभाव करू नये. वेतनेतर अनुदानाची रड फक्त उर्दू शाळांची नाही, मराठी शाळाही त्यात भरडल्या जातात. तेव्हा ही मागणी शेजारच्या मराठी शाळेला सोबत घेऊन करायला हवी. एकट्या उर्दू शाळेचा अर्ज फायलीत सहज पडून राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. तूट भरून काढा, पण गुपचूप भरू नका. आपण बिल भरून गप्प बसलो की कागदावर शाळा सुरळीत दिसते आणि वरच्या साहेबाला वाटतं, भागतंय की यांचं. आम्ही यंदापासून दोन गोष्टी सुरू केल्या आहेत. महिन्याचा खर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहितो, म्हणजे पालकांना कळतं वीज किती, पाणी किती, आणि त्यातलं सरकारकडून आलं किती. आणि जमाखर्चाच्या वहीत एक नवा रकाना आखला आहे, "शासनाकडून येणे". समाजाने किंवा शिक्षकांनी शाळेसाठी भरलेला प्रत्येक रुपया त्या रकान्यात जातो. त्याची बेरीज दर तीन महिन्यांनी अर्जासोबत शिक्षण विभागाला जाते आणि पोच घेतली जाते. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या तिमाहीचा अर्ज तयार आहे.