शार्लटला कोण चावले?

जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी आम्ही प्रथम सेमिनरीत असताना वाचली. तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथाआड दडवून वाचली, असे सांगण्याचा मोह होतो. पण आमचे इंग्रजी सुधारावे म्हणून गुरुजनांनीच ती हाती ठेवली होती. त्यातील कॉलिन्स या पाद्र्याला आम्ही मनमुराद हसलो. धनवंतांपुढे लोटांगण घालणारा आणि स्वतःच्या नम्रतेचा डंका पिटणारा असा धर्मगुरू आपण होणार नाही, असा निश्चयही केला. तो कितपत पाळला गेला, हे आमच्या धर्मग्रामातील मंडळींनी सांगावे.

गेल्या सुट्टीत आमच्या भाचीने एक पुस्तक आणून दिले. "फादरमामा, तुमचीच कादंबरी आहे, फक्त भुते घातलेली." नाव 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झाँबीज्'. २००९ साली अमेरिकेत ते प्रसिद्ध झाले, पुढे २०१६ साली त्यावर चित्रपटही निघाला. मुखपृष्ठावर लेखक म्हणून जेन ऑस्टेन आणि सेथ ग्रॅहम-स्मिथ अशी दोन नावे. १८१७ साली निवर्तलेल्या बाईंना आपला सहलेखक निवडण्याची सोय नव्हती, हे उघडच आहे. बहुतेक मजकूर त्यांचाच. मधूनमधून कबरीतून उठून जिवंतांचे मेंदू खाणारी प्रेते पेरली आहेत. बेनेट घराण्याच्या पाचही मुली चीनमध्ये शाओलिन युद्धविद्या शिकून आल्या आहेत आणि नृत्यसमारंभातही त्या शस्त्र चालवितात.

पहिली तीस-चाळीस पाने आम्ही हसत वाचली, हे कबूल केले पाहिजे. पुढे मात्र एकच विनोद पुनःपुन्हा ऐकावा लागला. हेही आम्ही सोसले असते. पण शार्लटपाशी येऊन आमचे मन विटले.

मूळ कादंबरीत शार्लट लुकास ही नायिका एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. वय २७, रूप बेताचे, पदरी पैसा नाही. एलिझाबेथने कॉलिन्सला नकार दिल्यावर दोन-तीन दिवसांतच तो शार्लटला मागणी घालतो आणि ती होकार देते. प्रेमाचा लवलेश नाही; तिला हवे आहे डोक्यावर छप्पर. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी पाहुणी जाते. शार्लटने स्वतःच्या बैठकीसाठी मागच्या बाजूची, कमी प्रशस्त खोली निवडली आहे, कारण पुढची चांगली खोली घेतली असती तर पतिराज वारंवार तेथे आले असते. त्यांना बागकामाची आवड लागावी म्हणून ती उत्तेजन देते. ते काही लाजिरवाणे बोलले, की तिला ते ऐकू येत नाही. एवढेच. अश्रू नाहीत, आक्रोश नाही. त्या मागच्या खोलीइतकी भयाण जागा आम्ही कोणत्याही भूतकथेत पाहिलेली नाही.

नव्या पुस्तकात शार्लट लग्न करते, कारण तिला झाँबी चावला आहे. काही महिन्यांत तीही प्रेत होणार, तेवढे दिवस सुखाने जावेत एवढीच तिची इच्छा. मग तिचे बोलणे अडखळते, जेवताना ती किळस आणते आणि वाचकाने हसावे अशी अपेक्षा असते. म्हणजे लेखकाने तिला सबब पुरविली! ऑस्टेनच्या शार्लटला कोणीही चावलेले नव्हते. मालमत्ता पुरुष वारसाकडे जाणार, अविवाहित स्त्रीने भावाच्या घरी ओझे होऊन राहायचे, ही तिच्या काळची व्यवस्था होती. ऑस्टेनला ती परकी नव्हती. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या सधन तरुणाला तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. सत्ताविसावे वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा अवघे दोन आठवडे उरले होते. १८०५ साली तिचे वडील, तेही पाद्रीच, वारले. त्यानंतर आई व दोघी बहिणी भावांच्या आधारावर राहिल्या.

भुतांशी आमचे वैर नाही. पण ऑस्टेनने हा प्रश्न 'नॉर्थँगर ॲबी'त आधीच सोडविला होता. जुन्या वास्तूत भयंकर रहस्य शोधणाऱ्या मुलीला कपाटात सापडतात ती धुण्याच्या कपड्यांची बिले. खरा आघात करतो तो घरमालक: मुलगी श्रीमंत नाही असे कळताच तिला एकटीला घराबाहेर काढून.

सेमिनरीत आम्ही शार्लटला सरळ दोषी ठरविले होते. दीक्षेनंतर चार-पाच वर्षांनी एक शिक्षिका लग्नाची नोंद करण्यास आमच्याकडे आली. वय तिशीपलीकडे, वडील अंथरुणाला खिळलेले, भावजयीचे घर. नियमाप्रमाणे आम्ही विचारले, "हे लग्न तुम्ही स्वखुशीने करीत आहात ना?" ती क्षणभर थांबली. "होय फादर. त्यांचं स्वतःचं घर आहे." आम्ही 'होय' एवढेच अर्जावर लिहिले आणि सही घेतली. पुढचे वाक्य लिहायला त्या अर्जात रकाना नव्हता. तिला आणखी एक प्रश्न विचारावा, असे आमच्या मनात आले होते. बाहेर दुसरे जोडपे थांबले होते.

हे आम्ही भाचीला सांगितले. शार्लटचा प्रसंग वाचताना ती खदखदून हसली होती. आता गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग त्या बाईंचं पुढे काय झालं?"

दर रविवारी त्या दुसऱ्या मिस्साला येतात. दारात थांबून "बरे आहात ना, फादर?" असे विचारतात. आम्ही "बरा आहे" म्हणतो, आणि तोच प्रश्न त्यांना उलट विचारण्याचे राहून जाते.