आनंदाचे वेळापत्रक

प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या घरात जो एक प्रवास होऊन जातो, त्याची नोंद प्रवासवर्णनांत क्वचितच आढळते. मराठीत या वाङ्मयप्रकाराची परंपरा समृद्ध आहे. परंतु तिची सुरुवात बहुधा गाडी सुटल्यावर होते. त्याआधीची पैशांची जुळवाजुळव, तिथी-तारखांचा घोळ, कोणाला काय झेपेल याविषयीच्या दबक्या शंका हे सारे वर्णनाबाहेर राहते. कर्जाने गांजलेल्या घरातून बाहेर पडणाऱ्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा याला एक ठळक अपवाद. प्रवासी घराबाहेर का पडतो हे कळल्यावाचून तो कोठे गेला हे कळूनही फारसे काही हाती लागत नाही, याची साक्ष ते पुस्तक देते.

फ्लॉरिडातील ऑर्लँडो शहराजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे असे एक स्थळ आहे, की जेथे या पूर्वतयारीला एखाद्या शास्त्राचे रूप आले आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते खुले झाले. सुमारे चाळीस चौरस मैलांचा हा विस्तार एकेकाळी बव्हंशी दलदलीचा होता. डिस्नेच्या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात निरनिराळ्या नावांच्या आडून ही जमीन गुपचूप विकत घेतली, कारण खरा ग्राहक कोण हे कळते तर भाव गगनाला भिडले असते. आज तेथे चार स्वतंत्र उद्याने आहेत : मूळचे मॅजिक किंग्डम, १९८२ मधले एपकॉट, १९८९ मधले हॉलिवुड स्टुडिओज आणि १९९८ मधले अ‍ॅनिमल किंग्डम. एका दिवसात एकाहून अधिक उद्याने मनासारखी पाहून होत नाहीत. आणि एका माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाला शंभराहून अधिक डॉलर पडतात. साहजिकच येथे चुकलेला तास हा केवळ चुकलेला तास राहत नाही. त्याची किंमत मांडता येते.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी घरात अशाच एका सहलीची आखणी चालली होती. मुलगा संगणक अभियंता, सून एका औषधकंपनीत. नात साडेनऊ वर्षांची आणि नातू पाच पूर्ण केलेला. आजी-आजोबा एप्रिलमध्ये कऱ्हाडहून आले होते, आणि व्हिसावरची त्यांची सहा महिन्यांची मुदत ऑक्टोबरात संपणार होती. न्यू जर्सीतली पुष्कळ कुटुंबे तिथल्या शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी साधून नोव्हेंबरच्या आरंभी फ्लॉरिडाला जातात. तोवर हवाही निवते. पण तो मुहूर्त मुदतीबाहेर जात होता. म्हणून मुलाने ऑगस्टचा अखेरचा आठवडा निवडला. फ्लॉरिडातल्या शाळा तोवर उघडलेल्या असतात, न्यू जर्सीतल्या उघडायच्या असतात. या फटीत गर्दी थोडी ओसरते. शिवाय दहा वर्षे पूर्ण झाली की मुलांना मोठ्यांचे तिकीट लागते, आणि नातीचा वाढदिवस सप्टेंबरात होता. उकाडा, दुपारचा वादळी पाऊस आणि चक्रीवादळांचा हंगाम या तीन गोष्टी मात्र त्या निवडीबरोबर पदरात पडत होत्या.

मुलाने तक्ता केला. उभ्या रकान्यांत दिवस, आडव्या ओळींत पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, प्रत्येक उद्यानाला वेगळा रंग. त्या तक्त्यामागे नियमांचे एक दाट रान होते. उपाहारगृहातील जागा साठ दिवस आधी राखून ठेवता येते, म्हणून जूनच्या अखेरीस पहाटे उठणे आले. रांग टाळण्याची सोय १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा ती विनामूल्य होती. २०२१ पासून तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. २०२४ च्या जुलैपासून या सोयीतल्या वेळा आगाऊ ठरवता येऊ लागल्या : डिस्नेच्या निवासांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी. जेथे उतरायचे तेथील खोलीचे भाडे, वाचणारा वेळ आणि वाढणारा खर्च ही तीन पारडी एकाच वेळी तोलायची होती. मुलगा रात्री जेवणानंतर संगणकापुढे बसे तो बाराच्या आत उठत नसे.

ज्याँ बोद्रियार या फ्रेंच विचारवंताने १९८१ मध्ये असे प्रतिपादन केले, की डिस्नेलँड काल्पनिक म्हणून पुढे केले जाते ते भोवतालचे सारे जग खरे वाटावे यासाठी. या विधानावर पुढे पुष्कळ चर्चा झाली, आणि ते सर्वस्वी खोटे आहे असे म्हणता येणार नाही. पण त्यात एक माणूस सुटून जातो. तो म्हणजे रात्री बारापर्यंत जागून आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना कोणत्या दाराने आत न्यावे याचा विचार करणारा माणूस. त्याला फसवणे अवघड असते. कारण तो किल्ला पोकळ आहे, त्याची वरची मजले दृष्टिभ्रमासाठी लहान होत गेली आहेत, हे त्याला ठाऊकच असते. त्याला हवे असते ते निराळेच काही, आणि ते त्याच्या तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते.

आजोबांनी तक्ता प्रथम पडद्यावर पाहिला आणि म्हणाले, “कागदावर काढून दे.” कागद हाती येताच त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. राज्य परिवहनाच्या सेवेत त्यांची तेहतीस वर्षे गेली होती, त्यांतली अखेरची सतरा वाहतूक नियंत्रक म्हणून. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी जी पहिली एस. टी. धावली, तिची हकीकत ते घरातल्या एखाद्या थोर पूर्वजाची सांगावी तशी सांगत. आषाढीच्या जादा गाड्या, गणपतीच्या जादा गाड्या, लग्नसराईच्या जादा गाड्या. हाती असलेल्या गाड्या आणि स्टँडवर उभी असलेली माणसे यांचा मेळ घालणे हे त्यांचे आयुष्य होते. तक्ता वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “फेऱ्या चांगल्या बसवल्यास. पण एक गाडी उशिरा आली तर पुढच्या सगळ्या कोलमडतील. मध्ये सैल जागाच नाही.”

मुलगा यावर काहीसा दुखावला. “बाबा, एवढा खर्च करून जायचं आणि रिकामं बसायचं?” असे तो म्हणाला. त्याच्या शब्दांत चीड नव्हती. पण एक जुनी घाई होती. तिचे मूळ कऱ्हाडच्या स्टँडवर होते. मे महिन्यात शेजारपाजारची मुले आईवडिलांबरोबर महाबळेश्वरला, गणपतीपुळ्याला जात. या मुलाला वडील आईबरोबर मामाच्या गावच्या गाडीत बसवीत, वाहकाला दोन शब्द सांगत आणि नियंत्रण कक्षाकडे परत वळत. मेमध्ये त्यांनी रजा कधी मागितलीच नाही. लोकांची सुट्टी म्हणजे आपले काम, ही त्यांची साधी समजूत होती. त्याविषयी मुलाने कधी तक्रार केली नाही आणि वडिलांनी कधी खुलासा दिला नाही. आता तीस-पस्तीस वर्षांनी त्या साऱ्या मे महिन्यांची भरपाई ऑगस्टच्या सहा दिवसांत करावयाची होती. मग सैल जागा राहणार कोठून?

या स्थळाच्या जन्मकथेतही एक बाप आहे. शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्कच्या फिरत्या घोड्यांवर बसवून वॉल्ट डिस्ने स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसे. आईवडील आणि मुले एकत्र रमतील असे एखादे ठिकाण असावे, हा विचार त्याला तेथे सुचला, असे तो पुढे सांगत असे. त्यातून १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड उभे राहिले. फ्लॉरिडातले मात्र त्याला पाहता आले नाही. १५ डिसेंबर १९६६ रोजी तो वारला. थोरला भाऊ रॉय याने आपली निवृत्ती पुढे ढकलून ते काम तडीस नेले, त्याला धाकट्या भावाचे संपूर्ण नाव दिले आणि उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबर १९७१ रोजी, तोही गेला. एकाची आखणी आणि दुसऱ्याची पूर्तता, हा क्रम कुटुंबांना नवा नाही.

आजीचा प्रश्न गुडघ्यांचा होता. एपकॉटमधल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, आणि त्या एका फेरीलाच सुमारे दोन किलोमीटर चालणे होते. उद्यानात व्हीलचेअर भाड्याने मिळते, हे सुनेने जपून सांगितले. “आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेली बाई मी,” आजी म्हणाल्या, “मला खुर्चीत घालून फिरवणार?” त्यानंतर दोन दिवस तो विषय निघाला नाही. मग त्यांनीच विचारले, “त्या अकरांत आपला देश आहे का?” नाही, असे कळल्यावर त्यांना विशेष खेद झाला नाही. नातीने मग अ‍ॅनिमल किंग्डममधल्या ‘आनंदपूर’ची चित्रे दाखविली. हे गाव जगाच्या नकाशावर कोठेही नाही. दक्षिण आशियातील अनेक गावांच्या स्मृती एकत्र करून ते रचले आहे. विटलेला रंग, पोपडे सुटलेल्या भिंती, हाताने रंगविलेल्या पाट्या, पडक्या राजवाड्यात फिरणारे वाघ, आणि कालीच्या नावाने ओळखली जाणारी एक खळाळती नदी. आजींनी चित्रे लक्षपूर्वक पाहिली. “भिंत मुद्दाम जुनी केलीय म्हणतेस? आमच्याकडं ती आपसूक होते,” त्या म्हणाल्या, आणि घरातले सगळे पुष्कळ दिवसांनी एकदम हसले. त्याच बैठकीत खुर्चीचाही निकाल लागला. “पिशव्यांसाठी घ्या ती खुर्ची,” आजी म्हणाल्या. “पिशव्या नसतील तेव्हा बसेन मी.”

राहता राहिला नातू. त्याच आनंदपूरच्या पलीकडे एव्हरेस्टच्या नावाचा एक कृत्रिम पर्वत २००६ पासून उभा आहे, आणि त्याच्या गाडीत बसण्यासाठी चव्वेचाळीस इंच उंची लागते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीची जी रेघ होती, ती जूनमध्ये त्रेचाळिसावर होती. ऑगस्टपर्यंत एक इंच वाढेल की नाही, हे कोणत्याही तक्त्यात बसत नव्हते. लहान मूल बसू शकत नसेल तर आईबापांनी आळीपाळीने त्याच्यापाशी थांबावे आणि दुसऱ्याने पुन्हा सगळी रांग न लावता जावे, अशी सोय तेथे आहे. तरी त्या ओळीपुढे मुलाने प्रश्नचिन्ह तसेच ठेवले. नातू रोज सकाळी चौकटीला पाठ लावून उभा राहू लागला.

कागद आठवडाभर आजोबांकडे राहिला. परत आला तेव्हा त्यावर पेन्सिलीच्या मोजक्याच खुणा होत्या. प्रत्येक दिवशी दुपारी दोन ते चार या जागेतली कामे त्यांनी खोडली होती आणि समासात लिहिले होते : ‘पाऊस. गाडी आगारात.’ फ्लॉरिडात उन्हाळी पाऊस बहुधा दुपारी कोसळतो, हे त्यांनी नातीकडून काढून घेतले होते. त्यामुळे मुलाला हरकत घ्यायला जागा राहिली नाही. रात्रीच्या आतषबाजीपुढे त्यांनी मुक्कामी गाडीला लिहीत तसे ‘वस्ती’ असे लिहिले होते.

आणखी एक खूण होती. मॅजिक किंग्डमच्या दिवशी, सकाळच्या एका ओळीत, फिरत्या घोड्यांचा उल्लेख होता. हे घोडे १९१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका कारखान्यात घडले. डिस्नेने ते घेण्यापूर्वी कित्येक वर्षे ते न्यू जर्सीतल्याच ऑलिंपिक पार्क या जुन्या उद्यानात फिरत होते. म्हणजे तेही एका अर्थी या घराच्या शेजारचेच. मुलाने त्या ओळीत लिहिले होते : ‘आम्ही चौघे घोड्यांवर. आई-बाबा : बाकावर, सावलीत.’ त्यात उणेपणा काहीच नव्हता. उलट काळजीच होती. नियंत्रकाने बाकावरच्या नोंदीतला ‘बाबा’ हा शब्द एका सरळ रेघेने खोडला होता, आणि ‘चौघे’ हा शब्द दुरुस्त करून तेथे ‘पाच’ असे केले होते.

मुलाने त्या रात्री मूळ तक्त्यात तेवढे बदल करून घेतले. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उपाहारगृहाच्या जागेसाठी तो उठला, तेव्हा आजोबा आधीच उठून बसले होते.